घरट्याच्या काठीला बांधलेला लाल धागा

त्या सरांचं तोंड पडलेलं बघायला मी जवळजवळ दोन महिने थांबलो. लोक म्हणतात, वय झालं की माणसाचा राग निवतो. माझा निवला नाही. बायको गेल्यापासून तर तोच मला सकाळी उठवतो, तोच जेवायला बसवतो. राग नसता तर मी अंथरुणातून उठलोच नसतो.

आधी मी कोण ते सांगतो. शाळा चौथीपर्यंत. मूळ गाव दिघाशी, पण सगळा जन्म गेला भिवंडीत, नारपोलीला, एका शेठच्या पॉवरलूममध्ये. मी लूम चालवत नव्हतो. मी फोल्डिंग खात्यात होतो. तयार कापड टेबलावरून ओढायचं, उजेडात बघायचं, कुठं धागा सुटलाय, कुठं डाग पडलाय ते शोधायचं. खोट सापडली की तिथल्या तिथं कापडाच्या किनारीला रंगीत धागा बांधायचा. दिवसपाळीचा लाल, रातपाळीचा हिरवा. मग शेठनं तागा उघडला की नुसत्या किनारीवरून कळायचं, खोट कुणाच्या शिफ्टची. कारागीर मला बघून म्हणायचे, "आ गया मनहूस." म्हणोत. मागाहून कोण कितीही कांगावा करो, धागा त्या दिवशीच बांधलेला असायचा.

बायको त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. मशीनवर ती भरताना रुई उडते, डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या होतात. तीस वर्षं तिनं ती रुई नाकातोंडात घेतली. शेवटच्या वर्षी चार पायऱ्या चढली की पाचवीवर बसायची आणि मला म्हणायची, तुम्ही व्हा पुढं. डॉक्टर म्हणाला, छातीत सूत भरलंय असं समजा. मी शेठकडे गेलो. मागायला काही नव्हतो गेलो. हे इथं झालं, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. शेठ खुर्चीतून हललाही नाही. म्हणाला, "औरत तुम्हारी मिश्री लगाती थी. सीना घर से ही खराब लेके आयी थी." मुनिमानं कपाटातून कागद काढले. दर वर्षाचा एक. त्यावर लिहिलेलं, मी इथं कामगार नाही, माझ्या मर्जीनं येते. खाली तिचा अंगठा. मुनीम म्हणाला, अंगठा तर तिनंच दिलाय ना.

माझ्या बायकोनं जन्मात दातांना तंबाखूची मिश्री लावली नाही. पण माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं. साऱ्या भिवंडीच्या कापडाला मी धागे बांधले आणि घरातल्या खोटीला बांधायचा राहिला.

तिच्या पुण्यानुमोदनाला शेडमधल्या बायका आल्या, शेठकडून कोणी फिरकलं नाही. त्यानंतर मी दारात खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचो. पाण्याच्या टँकरवाल्याशी, पोस्टमनशी, विहारात सतरंजी घालणाऱ्याशीसुद्धा. मुलगी एका दवाखान्यात आया आहे, तिची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. तिला माझा वीट आला होता, ते मला दिसत होतं.

तेव्हा नातीचं ते निघालं. ही माझ्या मुलीची मुलगी. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेलं. शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप करायची असते म्हणे. म्हणजे काय, तर कुठंतरी जाऊन काम करायचं, शिकायचं, आणि शेवटी तिथल्या माणसानं चांगलं लिहून दिलं तरच कॉलेज पास धरतं. हिनं निवडलं काय, तर समुद्राची कासवं. रत्नागिरीकडं एका किनाऱ्यावर तीन महिने राहून कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायचं. तिची आई म्हणाली, एकटीला पाठवणार न्हाय. मग माझ्याकडं बघितलं. दोन डोकेदुख्या एका एसटीत बसवून तिनं महिनाभराची झोप काढली असेल.

तिथलं काम असं. मादी पहाटे वाळूत येते, खड्डा करते, शंभरावर अंडी घालते आणि मागं न बघता निघून जाते. तिचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. गावचा एक राखणदार उजाडायच्या आत सगळा किनारा चालतो, माग शोधतो, अंडी काढून बादलीत घेतो. कुत्री, कोल्हे खातात म्हणून जाळीचं कुंपण केलेली एक जागा असते, तिथं तसाच खड्डा करून ती पुरतात. काठी रोवतात, काठीवर नंबर. वहीत लिहितात, कुणी आणली, कधी आणली, किती. पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू हलते आणि पिल्लं वर येतात. यात एकच गोष्ट सांभाळायची. अंडं जसं बादलीत ठेवलं तसंच खड्ड्यात जायला पाहिजे. घालून काही तास झाले की आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. मग ते उलटं केलं, हिसकलं, की संपलं.

राखणदार माझ्याच वयाचा. त्याचीही बायको गेलेली. आमचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

सर वेगळा. तिशीचा पोरगा, एका संस्थेचा. पाच इंटर्न त्याच्या हाताखाली. मी एसटीतून उतरून किनाऱ्यावर पाय ठेवला तर पहिलं वाक्य, "बाबा, इथे वाळूत थुंकायचं नाही हं." मी तंबाखूला कधी शिवलो नाही. मला शेठचं ते मिश्रीचं आठवलं. मी मनात म्हटलं, तू माझ्या वहीत चढलास.

बसून करायचं काय? बायकोच्या डब्यात उरलेल्या सुतांच्या लड्या मी बरोबर आणल्या होत्या, का आणल्या ते विचारू नका. प्रत्येक नव्या घरट्याच्या काठीला, जो माणूस बादली घेऊन येईल त्याचा धागा मी बांधू लागलो. राखणदाराचा पांढरा. नातीचा हिरवा. बाकीच्या पोरांचा निळा. सरांचा लाल. सर हसला. इंटर्नना म्हणाला, आजोबांनी मन्नत मागितलेली दिसते. मीही हसलो.

पिवळा धागा एकदाच बांधला. राखणदार खडकावरून घसरला, पाय मुरगळला, बादली पोटाशी धरून तिथंच बसून राहिला. मी त्याला शोधत गेलो तोवर ऊन चढलं होतं. त्याला आणलं, जाळीपाशी टेकवलं आणि त्याच्या सांगण्यावरून अंडी मी पुरली. तो म्हणत होता, जशी येतात तशी ठेव, फिरवू नको. मी कुठं फिरवत होतो? प्रत्येक अंड्याला वाळू चिकटलेली. ती बोटानं पुसली, उजेडाकडं धरून बघितलं, ठेवलं. किती मऊ असतं ते अंडं, ओल्या चामड्यासारखं. बायको असती तर बघायला तिला आवडलं असतं. वहीत राखणदारानं स्वतःचं नाव लिहिलं, कारण मी तिथं कोणीच नव्हतो. पण अंडी खड्ड्यात माझ्या हातानं गेली होती, म्हणून धागा मी माझा बांधला.

त्यानंतर आठवड्यानं लाल धाग्याची गोष्ट घडली.

त्या पहाटे राखणदाराला उत्तरेच्या टोकाला माग दिसला. त्यानं फोन केला. सर म्हणाला, तू पुढं जा, ते मी आणतो. नात त्या दिवशी दक्षिणेकडं चालायला गेली होती. सरांचे शहरातले मित्र आलेले, आदल्या दिवशी दोन गाड्या भरून. मी चहाला टपरीवर गेलो तर बाकड्याखाली अंड्यांची बादली. टपरीवाली म्हणाली, सरांनी ठेवलीय, पाहुणे उठले की फोटो काढायचेत पुरतानाचे. मी म्हटलं, कधी ठेवली? म्हणाली, उजाडताच. मी बाकड्यावर बसून राहिलो. तेव्हा कुणाला सांगितलं असतं, ओरडलो असतो, तर ती अंडी वाचली असती. मी ओरडलो नाही. मला बघायचं होतं हा काय करतो ते.

अकराच्या सुमाराला तो आला, बादली मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि दगडधोंड्यांच्या वाटेनं हादरे देत नेली. मित्रांनी फोटो काढले. तो गुडघ्यावर बसून एकेक अंडं कॅमेऱ्याकडं वळवून दाखवत होता. सगळे पांगल्यावर मी काठीला लाल धागा बांधला, गाठ दोनदा मारली.

दुपारी नात आली. सरांनी तिला वही दिली. म्हणाला, तुझ्या नावावर लिही, तुझ्या रिपोर्टला एक घरटं जास्त होईल. पोरगी खूश. तिनं लिहिलं, सही केली. मला येऊन सांगितलं की सर किती चांगले आहेत.

खरं लिहायचं तर त्या दिवसापासून त्या घरट्यातून काही बाहेर येऊ नये असंच मला वाटत होतं. रोज सकाळी दुसऱ्या घरट्यांतून पिल्लं निघायची, तळहातात मावणारी, काळी, ओली. टोपलीतून नेऊन पाण्यापासून थोडं लांब सोडायची, मग ती आपली आपण चालत जायची. गावातली पोरं टाळ्या वाजवायची. माझं लक्ष मात्र लाल धाग्याकडं. पन्नासावा दिवस गेला. पंचावन्नावा गेला. वाळू हलली नाही. मला भूक लागू लागली, नीट झोप लागू लागली. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

नातीवर काय येणार ते मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. सही तिची होती, हे मी विसरलो होतो. मीच.

संध्याकाळच्या मीटिंगला सर सगळ्यांसमोर म्हणाला की हे घरटं गेलं, आणि याला हाताळणी जबाबदार आहे. अंडी फिरवली असणार. वहीत जिचं नाव आहे तिनं विचार करावा, रिपोर्टमध्ये मला हे लिहावं लागेल. नात मान खाली घालून बसली होती. राहायच्या खोलीवर आल्यावर तिनं एकच ताट तीनदा घासलं.

मी म्हटलं, "ती बादली तू बघितलीसुद्धा न्हाय. सांग त्याला."

"सांगून काय? सही माझीय, आबा."

"मग काय झालं?"

"मग तेच. तुम्ही यात पडू नका. शेवटी त्यांनाच लिहून द्यायचंय."

सही माझीय. मुनिमाच्या हातातले ते कागद आणि खालचा निळा अंगठा माझ्या डोळ्यांपुढं आला. मी बाहेर जाऊन बसलो. ठरवलं, या वेळेला सोडायचं नाही. मग पोरगी नापास झाली तरी चालेल, असंही एकदा मनात आलं. ते लिहायला लाज वाटते, पण आलं.

न उघडलेली घरटी शेवटी उकरून बघतात. त्या दिवशी वनखात्याच्या बाई येतात, पंचनाम्यासारखं लिहितात. सकाळची वेळ. पाच इंटर्न, राखणदार, टपरीवाली, दहा-बारा गावकरी, सर. लाल धाग्याचं घरटं उकरलं. अंडी जशीच्या तशी, आतून पिवळी पडलेली, वास मारणारी. बाईंनी वही बघितली, नातीचं नाव वाचलं. सर म्हणाला, नवीन आहेत मुलं, होतं असं.

मी उठलो. म्हटलं, "बाई, हे घरटं तिचं न्हाय. ह्याचंय."

सर म्हणाला, "बाबा, तुम्ही बाजूला बसा."

"बसून बघितलं मी. चहाच्या बाकड्याखाली बादली चार-पाच तास होती. मंग मोटारसायकलवर हादरे खात आली. मंग फोटो."

बाई म्हणाल्या, याला पुरावा काय. मी म्हटलं, धागा. आणि फोल्डिंगची सगळी रीत त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, धागा तर तुम्ही आज सकाळीसुद्धा बांधला असेल. मी म्हटलं, ऊन बघा, रंग बघा, किती उडालाय. आणि बाकीच्या सगळ्या काठ्या वहीशी लावून बघा. एक जरी चुकली तर मी खोटा, आत्ताच्या एसटीनं जातो.

त्यांनी खरंच लावून बघितल्या. एक-एक काठी. पांढरा, राखणदार. पांढरा, राखणदार. हिरवा, नात. निळा, निळा. लाल, सर, ते त्याचं आधीचं एक घरटं. नवव्या काठीशी बाई थांबल्या.

"इथे वहीत राखणदार आहे. धागा पिवळा आहे. पिवळा कोण?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. ते घरटं दहा दिवसांपूर्वी उघडलेलं. त्यातून सहा-सात पिल्लं काय ती निघाली होती. राखणदार म्हणाला होता, एखादं घरटं असंच जातं. मी त्यावर विचार केला नव्हता. त्या क्षणी, बाई काठीला हात लावून उभ्या असताना, मला माझी बोटं दिसली. वाळू पुसणारी. अंडं उजेडाकडं धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघणारी. चाळीस वर्षांची सवय. मी त्या प्रत्येक अंड्यात खोट शोधली होती. ऊन चढलेलं, आतले जीव वरच्या बाजूला चिकटलेले, आणि मी एकेकाला गरागरा फिरवून, खोट नाही, चांगलं आहे, असं म्हणून खड्ड्यात ठेवलं होतं.

राखणदार पटकन म्हणाला, "ते माझंच हाय. म्हाताऱ्यानं चुकून बांधला असंल."

त्यानं मला वाट करून दिली होती. त्या वाटेनं गेलो असतो तर माझा धागा चुकतो असं झालं असतं. मग लालही चुकला असता. आणि सरांच्या तोंडावर आत्ताच जरा हसू यायला लागलं होतं.

मी म्हटलं, "पिवळा माझा. ह्याचा पाय मुरगळला व्हता. मी पुरली. पुसली, फिरवली. मी मारली ती."

सर लगेच म्हणाला, बघा मॅडम, बघा, बाहेरच्या माणसानं घरट्याला हात लावला. बाई त्याच्याकडं वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "यांनी स्वतःचं सांगितलं. आता तुम्ही तुमचं सांगा."

टपरीवाली बोलली. माझ्याच बाकड्याखाली होती बादली, म्हणाली. मग त्याच्याच एका इंटर्न पोरानं सरांच्या मित्रांनी इंटरनेटवर टाकलेले ते फोटो फोनमध्ये काढून दाखवले. डोक्यावरचं ऊन, बादली, हातात उलटं धरलेलं अंडं.

त्याचं तोंड पडलं. मी ते नीट बघून घेतलं. आधी कान लाल झाले, मग गाल लोंबले, मग तो आपल्या बुटांकडं बघू लागला. बाईंनी त्याला वहीत दुरुस्ती करायला लावली. त्यानं केली आणि वही मिटली. मी म्हटलं, मोठ्यानं वाचू द्या. बाई म्हणाल्या, आजोबा, त्याची गरज नाही.

मी म्हटलं, "हाय. पोरीला सगळ्यांसमोर बोलला, आता सगळ्यांसमोर वाचंल."

त्यानं वाचलं. आवाज फाटला होता. मी म्हटलं, मागच्यांना ऐकू आलं न्हाय. त्यानं पुन्हा वाचलं. नात माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की जणू मी तिचा कोणी नव्हे. टपरीवाली पुढं म्हणाली की मी फार केलं. मला तिसऱ्यांदाही वाचायला लावायचं होतं.

माझ्यावरही लिहिलं गेलं, ते सांगायला हवं. मला जाळीच्या आत पाऊल टाकायची बंदी झाली आणि राखणदाराला माझ्यामुळं बोलणी बसली. उरलेले दिवस मी कुंपणाबाहेर दगडावर बसून काढले. राखणदार रोज येऊन शेजारी बसायचा. एकदा म्हणाला, सहा-सात गेली ना पाण्यात, तेवढीच तुझी. बाकीच्यांचं त्यानं काढलं नाही.

भिवंडीला परत आलो तो एसटीतून उतरून घरी न जाता शेठच्या शेडवर गेलो. शेठ आता अंथरुणाला खिळलाय, मुलगा बसतो. शिफ्ट बदलायची वेळ, दारात पंधरा-वीस कारागीर उभे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की माझी बायको इथं तीस वर्षं कांड्या भरत होती, ती मिश्री लावत नव्हती आणि तिची छाती इथंच गेली. मुलानं मान खाली घातली, माझ्यासाठी चहा मागवला. मी तो समोर ठेवून घेतला, साय धरेपर्यंत बसलो आणि न पिता उठलो. एक म्हातारा कारागीर, मला मनहूस म्हणणारा, दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "भाभी सच में मिश्री नहीं लगाती थी." एवढंच. हे तो शेठनं मिश्रीचं काढलं तेव्हाही बोलू शकला असता.

नातीचा कागद पोस्टानं आला. काम समाधानकारक, असं छापलेलं आणि खाली सरांची सही. पेन इतका दाबलाय की सही कागदाच्या पलीकडं उमटलीय. नात म्हणाली, फाईलमध्ये ठेवते. मी म्हटलं, न्हाय, भिंतीवर. आजीच्या फोटोखाली खिळा मारून मी तो लावला. रोज सकाळी चहा पिताना मी ती सही बघतो. दात आवळून केली असणार. मला बरं वाटतं.

परवा नात शेजारी येऊन बसली. पुढच्या हंगामाला तिला पुन्हा जायचंय, त्याच किनाऱ्यावर, या वेळी राखणदाराच्या हाताखाली. म्हणाली, "तुम्ही येणार असाल तर कुंपणाबाहेर बसायचं. आणि कुणाच्या नावाचा धागा बांधायचा नाही."

मी म्हटलं, येतो. धाग्याचं काही बोललो नाही. सुतांची लडी डब्यात आहे. पिवळा तेवढा त्यात नाही. ती काठी निघाली तेव्हा राखणदारानं धागा सोडून माझ्या हातात दिला होता, तो माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. धुवायला टाकताना काढतो आणि दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात घालतो.